बोटभर जास्त

“आता हात लावू नकोस त्याला,” आण्णा म्हणाले. “थिनरनं पुसलंय. बोटाचं तेल लागलं की टेप धरत न्हाई.”

मी हात मागे घेतला. रविवार असल्यामुळं उद्यमनगरातल्या बहुतेक शेडची शटरं खाली होती. बाबालालचाचांच्या शेडपुढं माझी राखाडी गाडी मागचं दार आमच्याकडं करून उभी होती. छोटी, जुनी घेतलेली. ते मॉडेल कंपनीनं बंद करूनही काही वर्षं झाली होती. आठवडाभर ती माझ्याबरोबर गारगोटीला असायची. तिथं मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी कोल्हापूरला घरी यायचो.

तिला मागं स्पॉयलर बसवायचा, ही कल्पना माझी नव्हती. मागच्या काचेच्या माथ्यावर एक वळणदार पट्टी आडवी बसवतात आणि तिनं गाडीला ऐट येते, एवढंच मला माहीत होतं. कल्पना चाचांची. बाबालाल शिकलगार फायबरचं काम करायचे: फुटलेले बंपर, मडगार्ड, आणि हौशी पोरांसाठी स्पॉयलर. ते आणि आण्णा एकाच फाउंड्रीत एकाच वर्षी कामाला लागले होते. चाचा लवकर बाहेर पडले. आण्णा फाउंड्रीच्या कामातच राहिले.

आण्णा पॅटर्नमेकर होते. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचं हुबेहूब लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबून साचा तयार होतो. पंपाचे, गिअरबॉक्सचे, कसले कसले पॅटर्न आण्णांनी आयुष्यभर केले. मग मशिनं आली, कॉम्प्युटरवर चित्र घातलं की मशीनच लाकूड कातायला लागलं, आणि एकेका फाउंड्रीचं बोलावणं बंद झालं. तरी आण्णा रोज सकाळी घरामागच्या वर्कशॉपमध्ये जायचे, झाडून काढायचे, रंधे पुसून ठेवायचे आणि बाकापाशी बसून राहायचे. आई एकदा म्हणाली, “देवळात जाऊन बसावं की.” तर म्हणाले, “तिथं मला काय काम?”

म्हणून चाचांनी ही युक्ती काढली होती. “तुझ्या लेकीच्या मॉडेलला स्पॉयलर बाजारात कुठं मिळत न्हाई,” ते आण्णांना म्हणाले होते. “तू लाकडाचा कर. मी त्यावरनं फायबरचा साचा काढतो. चांगला बसला तर असल्या जुन्या गाड्या ढिगानं हायत. तू लाकूड, मी फायबर.”

त्या रविवारी आण्णांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही निघालो तेव्हा आईनं मला खूण करून दाखवलं, बघ.

“केरबा, दोन बोल्ट मारतो की रं,” चाचा म्हणाले. “नुसत्या टेपवर कशाला भरवसा?”

“माझ्या पोरीच्या गाडीला भोक पाडायचं न्हाई. पाणी शिरतंय, पत्रा गंजतोय.”

“तुझ्या पोरीच्या गाडीला. आणि माझी कोण हाय ती?”

“तुझी असंल तर तुझ्या गाडीला पाड.”

चाचांची गाडी नव्हतीच. ते हसले आणि शेडमधून स्पॉयलर घेऊन आले. माझ्या गाडीच्याच रंगाचा, पॉलिश केलेला. आण्णांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि उजेडाकडं धरून त्याच्या वळणावरून नजर फिरवली. आपण केलेली वस्तू जागेवर बसताना त्यांनी क्वचितच पाहिली असेल. पॅटर्न वाळूत जातो, ओतलेली वस्तू ट्रकमध्ये जाते आणि पुढं कुठं बसते ते पॅटर्न करणाऱ्याला कळतही नाही.

“आधी कोरडाच लावून बघू,” चाचा म्हणाले. “टेपचा कागद मग सोलायचा.”

चाचांनी डावं टोक धरलं, आण्णांनी उजवं. दाराच्या मधोमध चिकटपट्टीवर खूण केली होती, तिच्यावर त्यांनी स्पॉयलरची खूण आणून ठेवली. दोघं मागं सरकले.

दोन्ही टोकं दाराच्या बाहेर आली होती. फार नाही. चाचांनी तो थोडा डावीकडं सरकवला, तर तिकडचं टोक आणखी बाहेर गेलं. उजवीकडं सरकवला, तर उजवीकडचं. पुन्हा मध्ये आणला. सगळा मिळून बोटभर जास्त होता.

“साच्यात तर वाढणार न्हाई,” चाचा म्हणाले. मग त्यांनी आण्णांकडं पाहिलं. “केरबा, आखलंस कुठल्या पट्टीनं?”

आण्णा त्या बाहेर आलेल्या टोकाकडं बघत होते.

मला तेव्हा कळलं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पोलादी पट्टीच वेगळी असते; तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. आण्णांच्या बाकावर तीच एक पट्टी असायची. गाडीचं माप त्यांनी आईच्या शिवणाच्या टेपनं घेतलं होतं, रंगावर चरा पडू नये म्हणून. आणि मग वर्कशॉपमध्ये जाऊन लाकडावर ते माप टाकताना हात सवयीनं त्या पट्टीकडं गेला होता.

चाचांना हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. ते तिथल्या रिकाम्या डब्यावर बसले.

“अरं मर्दा, फायबर हाय ते. गाडी थंड झाल्यावर आकसंल म्हणून ठेवलंस व्हय बोटभर?”

समोरच्या टपरीवर दोन-तीन लेथवाले चहा पीत उभे होते. चाचांनी त्यांना हाक मारली. “ऐकलं का रं, केरबा मिस्त्रीनं गाडी ओतलीया. भट्टीतनं आताच काढलीया, हात लावू नका, पोळंल.”

ते हसले. त्यातला एक म्हणाला, “मिस्त्री, आमच्या स्कुटरचं बी बघा की, जरा मोठी करून द्या.” कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उद्यमनगरात माणसं अशीच बोलतात. आण्णाही इतर दिवशी बोलले असते.

आण्णांनी बोटानं त्या बाहेर आलेल्या कडेवर चाचपून पाहिलं. “काढ तो,” ते म्हणाले.

“काढायचा कशाला? टोकं कापतो, भरून देतो. कळणार बी न्हाई.”

“कापायचा न्हाई.”

“मग?”

“हाच लावा,” मी म्हणाले. “मला हाच आवडलाय. बोटभरानं काय होतंय?”

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेनं मला कळलं की मी त्यांना आधार द्यायला बोलले हे त्यांना समजलंय. त्यांनी टेपचा कागद सोलायला घेतला.

तो बसवताना दोघांना जोर लावावा लागला. टोकं दाराच्या गोलाईवर नीट टेकत नव्हती, दाबून टेकवावी लागली. वरून चिकटपट्ट्या आडव्या मारल्या. चाचा मला सांगत होते, रात्रभर गाडी हलवायची नाही, आठवडाभर धुवायची नाही, आणि नंतरही पाण्याचा फवारा कडेवर मारायचा नाही. आण्णा हात पुसत उभे होते.

“उद्या मिरजेला चाललोय, लेकीकडं,” चाचा म्हणाले. “डोळ्याचं ऑपरेशन. आलो की पुढचं मॉडेल धरू.”

“दुसरा कुणी बघ,” आण्णा म्हणाले. “पट्टी वाचता येणारा.”

“अरं, चेष्टा केली मी.”

“व्हय. कळली मला.”

गाडी तिथंच शेडपुढं ठेवून आम्ही रिक्षानं घरी आलो. आईनं विचारलं, “बसला का?” ते म्हणाले, “बसला.” जेवले. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, “उद्या एसटीनंच जा गारगोटीला. घाई करू नको, टेप धरू दे.” मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गारगोटीला गेले नाही. दुपारी आण्णांना पंचगंगेच्या घाटावर पोचवलं.

फोन सगळे माझ्या चुलतभावानं, शशीदादानं केले. नातेवाईक, फाउंड्रीतले जुने लोक, माझं कॉलेज. आई दारात बसायची, येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगायची आणि सांगता सांगता थोडी मोकळी व्हायची. मी आत चहा करायची. लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, पण त्यांना सगळं आधीच माहीत असायचं, त्यामुळं मला काही म्हणावं लागलं नाही. कोपऱ्यावरच्या वाण्यानं एकदा विचारलं, “मिस्त्री दिसले न्हाईत बऱ्याच दिवसांत?” मी साखर घेतली आणि घरी आले. लाकडाच्या वखारीतून फोन आला, तर तो आईच्या हातात दिला. वर्गात मी तासन् तास बोलत होते. शब्दांचं मला कधी अडलं नव्हतं. तेवढं एक वाक्य मात्र तोंडाशी येऊन परत जायचं.

गाडी मी चौथ्या-पाचव्या दिवशी आणली. शेडवर चाचांचा मुलगा मुनीर होता. मान खाली घालून त्यानं किल्ली दिली आणि चिकटपट्ट्या काढून दिल्या. आण्णांना न्यायला तो आला होता.

“ताई, अब्बाला सांगितलेलं न्हाई अजून,” तो म्हणाला. “डॉक्टरनी बजावलंय, डोळ्यात पाणी येता कामा नये. अम्मी कांदासुद्धा परड्यात जाऊन चिरतीया. अब्बा आले, तुम्हाला भेटले, तर तेवढं सांभाळा.”

डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं, की धूळ आणि पाणी टाळा एवढंच सांगितलं होतं आणि बाकीचं घरच्यांनी जोडलं होतं, कोण जाणे. मी हो म्हणाले. मला ते सोपंच होतं.

महिन्याभरानं चाचा परत आले आणि त्यांनी गाडी दाखवायला बोलावलं. तोवर स्पॉयलरचं डावं टोक सुटायला लागलं होतं. गारगोटीच्या रस्त्यावर वेग धरला की मागून बारीक शीळ ऐकू यायची. त्या टोकाखाली नख सरकत होतं. मी रोज नख घालून बघायची आणि तसंच सोडून द्यायची.

चाचा शेडबाहेर खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. दाढी वाढलेली. गाडीच्या आवाजानं त्यांनी मान वळवली.

“पद्मा आली व्हय? आणि मिस्त्री?”

“आण्णा गारगोटीला राह्यलेत,” मुनीर घाईनं म्हणाला. “ताईच्या खोलीवर. हवापालट म्हणून.”

“अजून फुगलाय म्हण की,” चाचा म्हणाले. “फुगू दे. पहिल्यापासनं असाच हाय. एकदा माझ्याशी बोलायचा बंद झाला, का? तर मी त्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता खाल्लं.”

मुनीर हसला. मीही हसल्यासारखं केलं.

“दाखव, कसा बसलाय,” म्हणत चाचा उठले. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. काचेवर हात ठेवून तो वर सरकवत त्यांनी स्पॉयलर शोधला. उजव्या टोकापासून बोटं फिरवत डावीकडं आले. कडेला बोट अडकलं. त्यांनी ते टोक हलकं उचलून पाहिलं, सोडलं, पुन्हा उचललं.

“कवापासनं सुटलंय?”

“झाले पंधरा-वीस दिवस.”

“मिस्त्रीनं बघितलं?”

मुनीर माझ्याकडं बघत होता. “नाही,” मी म्हणाले.

चाचांचा हात तिथंच होता. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा न काढता गालावरचा घाम पुसला आणि परत खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, उभं राहून दमले.

“ह्याला मी हात लावीन,” ते म्हणाले. “पण आज न्हाई. डोळ्याचं पथ्य संपू दे. मी निरोप देतो, तवा ये. तोवर गाडी जपून चालव.”

त्यानंतर त्यांनी आण्णांचं नाव काढलं नाही. आईची चौकशी केली, मला चहा पाजला. निघताना मुनीर मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “सांभाळलंत, ताई.”

निरोप आला तो एका शनिवारी. मी गारगोटीहून परस्पर उद्यमनगरातच गेले. चाचांनी काळा चष्मा काढलेला होता. दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. मुनीरला त्यांनी कसल्याशा सामानाला लक्ष्मीपुरीत पाठवलं.

“तू माझ्याबरोबर लाग,” ते मला म्हणाले. “ओढणी कमरेला बांध.”

आधी त्यांनी केस वाळवायच्या मशिननं टेप गरम केला. मग मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा धागा घेतला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि तो धागा स्पॉयलर आणि पत्रा यांच्या फटीत घातला. आम्ही करवतीसारखा तो आलटून पालटून ओढायला लागलो. मी ओढलं की ते सैल सोडायचे, ते ओढायचे तेव्हा मी.

“जोर नको लावू. नुसती ये-जा ठेव. रंगाला ओरखडा आला तर...” ते म्हणाले, आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

टेप चिरत गेला. स्पॉयलर सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो बाकावर उलटा ठेवला आणि राहिलेला टेप अंगठ्यानं वळकट्या करत काढायला लागले.

“टोकं कापायची का?” मी विचारलं.

“न्हाई. ती ओढ खातायत म्हणून सुटतायत. खाली टेप दुहेरी करतो, म्हणजे आपलं वजन टाकून निवांत बसतील.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “मी हसलो त्या दिवशी. जन्मभर ज्यानं लोखंड आकसणार हे धरून काम केलं, त्याच्या हातनं आणि दुसरं काय हुणार हुतं? मला ते तवाच कळत हुतं. तरी हसलो. टपरीवरच्या लोकांना बोलवून हसलो.”

मी थिनरचा बोळा घेऊन पत्रा पुसत राहिले.

दुहेरी टेप लावून झाला. त्यांनी खुणेवर खूण आणली आणि स्पॉयलर जागेवर ठेवला. या वेळी टोकं आपोआप टेकली. बोटभर बाहेर होतीच, पण टेकली.

“आता तू तिकडनं दाब, मी इकडनं. तळहातानं. मी सांगंपर्यंत हात काढायचा न्हाई. मधीच काढला की टेप फसतोय.”

आम्ही दोघं गाडीच्या मागं, दोन टोकांना, तळहात दाबून उभे राहिलो. दुपार कलली होती. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो बंद झाला.

“काल मिरजेला जाऊन आलो,” चाचा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, स्वतःच्या हाताकडं बघत होते. “डॉक्टर म्हणाला, डोळा चांगला झालाय. आता पथ्य न्हाई. मी विचारलं, पाणी आलं तर? म्हणाला, येऊ दे की.”

मी तळहात तसाच दाबून धरला.

“मुनीर माझं पोरगं हाय. खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज बारीक हुतोय. पण त्याचं सोड. टोक सुटलंय, वीस दिवस सुटलंय, आणि केरबा गारगोटीला नुसता बसलाय? फुगू दे किती बी. रातोरात येऊन त्यानं माझं शटर बडवलं असतं. ते टोक हाताला लागलं तवाच मला समजलं.”

माझा हात टोकावरून सुटायला लागला. “हात काढू नको,” ते म्हणाले. मी काढला नाही.

“घरात समदी माझ्याकडं बघत बसल्यात, ह्याला कळू नये म्हणून. मी बी कळलं न्हाई असं दाखवतोय, त्यांना घोर नको म्हणून. नमाजाला बसलो तरी मुनीरची अम्मी दारातनं डोळ्यांकडं बघतीया. पण कुणी सांगितल्याबिगर माणसानं रडायचं कसं, पोरी? माझ्यावर रागावून गेला का, ते नको सांगू. त्याचं मी बघून घेईन. गेला, एवढं सांग. तुझ्या तोंडनं सांग, म्हणून तुला बोलावलं.”

त्यांनी मान वर केली. ऑपरेशन झालेला डोळा दुसऱ्यापेक्षा स्वच्छ दिसत होता. दोन्ही डोळे कोरडे होते आणि ते माझी वाट बघत होते.

दोन्ही हात गाडीवर होते, त्यामुळं तोंड झाकता येईना, वळताही येईना.

“आण्णा गेले, चाचा,” मी म्हणाले. “त्या रविवारच्या दुसऱ्याच सकाळी. मी चहा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले, तेव्हा ते गेलेले होते.”